केरबानं उजेड वाढवला

एका गावात एक भोळा केरबा होता. गावाचं नाव बोरघोळ. तसे भोळे त्या गावात आणखीही होते, पण ते अधूनमधून. केरबा बारमाही.

तिशीला आलेला, अंगानं दणकट, मनानं निर्मळ. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. फक्त जेवढं सांगितलं तेवढंच करायचा आणि जसं सांगितलं तस्संच करायचा. एकदा त्याच्या काकीनं सांगितलं, "केरबा, कोंबड्या खुराड्यात गेल्या का बघून ये." केरबा गेला, बघून आला आणि जेवायला बसला.

"गेल्या का रं?" काकीनं विचारलं.

"गेल्या की. समद्या गेल्या. मुंगूसबी गेलं."

केरबाला आईवडील नव्हते. चुलता दौलूनाना आणि सोनाकाकी यांनीच त्याला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे त्यांच्या वाट्याला जे काही होतं ते केरबाच होतं. नाना रोज कपाळावर हात मारून घ्यायचा आणि रोज त्याला नवं काहीतरी शिकवायचा. केरबाही मन लावून शिकायचा. शिकवलेलं विसरू नये म्हणून तो खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकाला गाठ मारायचा. एक शिकवण, एक गाठ. अंग पुसताना टॉवेल फार टोचायचा, पण शिकायचं म्हटलं की थोडं सोसावं लागतंच.

आता ह्या गोष्टीला जानुबाई पाहिजे. बोरघोळच्या डोंगरावर जानुबाईचं देऊळ आहे. वर्षातून एकदा ती पालखीत बसून डोंगर उतरते, गावातल्या पारावर टेकते आणि पाच दिवस माहेरपण घेते. नवऱ्यावर रुसून निघालेली असते म्हणे. आणि रुसून निघालेल्या बाईशी वाटेत कुणी बोललं, तर ती तिथूनच मागे फिरते, एवढं गावातल्या सगळ्या पुरुषांना अनुभवानं माहीत होतं. म्हणून देवळापासून पारापर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. ढोल नाही, हलगी नाही, खोकला आला तर गिळायचा. पालखी मागे वळवायची नाही. सगळ्यांच्या पुढे एक माणूस उजेड घेऊन चालणार, त्याला कुणी ओलांडायचं नाही. उजेड जाईल तिकडे पालखी जाणार. पालखी पारावर टेकली की मग गावाचं तोंड उघडणार.

हा उजेडाचा मान नानाच्या घराचा. सात पिढ्यांचा. पूर्वी तेलाची दिवटी असायची. मग एका वर्षी दिवटीची ठिणगी वाळल्या गवतात पडली, अर्धा डोंगर जळाला आणि पंचांनी ठरवलं, की आता जाळ नको, बॅटरी चालेल. नानानं चार्जिंगची बॅटरी आणली. हातात मावणारी, पिवळ्या प्लास्टिकची. गेल्या वर्षी ती वडाच्या वळणावर मिणमिणायला लागली. नानानं थापट्या मारून मारून तिला कशीबशी पारापर्यंत आणली.

खालच्या आळीचे श्रीपतीअण्णा ह्या मानावर कित्येक वर्षं टपून होते. पालखी टेकल्याबरोबर पहिलं तोंड त्यांचंच उघडलं.

"दौलू, ह्यो उजेड हाय का काजवा? औंदा झालं ते झालं. पुढच्या साली उजेड इझला, न्हाईतर तुझ्या घरातलं कुणी वाटंत बोललं, तर मान आमच्या आळीला."

पंच म्हणाले, बरोबर आहे.

आणि यंदा नेमका नानाचा गुडघा सुजला. डोंगर चढणं सोडाच, त्याला ओटा उतरणंही धड होईना. उजेड घरातल्या पुरुषानंच धरायचा, ही रीत. नानानं केरबाकडे बघितलं. मग जानुबाईच्या डोंगराकडे बघितलं. मग सोनाकाकीकडे बघितलं.

काकी म्हणाली, "माणूस बदलता येत न्हाई. बॅटरी तरी चांगली करून घ्या."

फाट्यावर युसूफ मिस्त्रीचं दुकान होतं. पाण्याच्या मोटारीपासून मिक्सरपर्यंत सगळं तो दुरुस्त करायचा. केरबा बॅटरी घेऊन त्याच्याकडे गेला.

"नानानं सांगितलंय, उजेड वाढवून द्या."

मिस्त्रीनं बॅटरी उघडली. आत वाटाण्याएवढा बल्ब आणि तीन सेल.

"मोटारसायकलचा बल्ब बसवू," मिस्त्री म्हणाला. "डोंगर उजळंल. पण केरबा, नुसता बल्ब मोठा करून भागत न्हाई. मोठ्या बल्बाला ताकद जास्त लागती. तीन सेलांवर त्याची तार नुसती लाल हुईल. धा सेल पायजेत."

"ह्या बॅटरीत धा मावतील?"

"न्हाई मावायचे. सेल पाण्याच्या पाइपात घालू, पाइप तुझ्या पाठीला बांधू आणि तिथनं वायर बॅटरीला आणू."

केरबानं बराच विचार केला. "मग मी बाहेरच का?"

"तू बाहेरच," मिस्त्री म्हणाला. मिस्त्री शहाणा होता, केरबाशी वाद घालायचा नाही.

दिवटीच्या काळात तिची वात आधी एक रात्र देवघरात ठेवायची पद्धत होती. वात गेली तरी पद्धत गेली नव्हती. त्यामुळे बल्ब आधी देवघरात जायला हवा होता. मिस्त्रीनं नवा बल्ब केरबाच्या हातात दिला. केरबानं तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि निघाला. वाटेत तहान लागली. पाट लागला. केरबा पाटाच्या कडेला पालथा पडला आणि पोटभर पाणी प्याला.

घरी येऊन त्यानं खिसा देवासमोर उलटा केला.

"ह्यो काय चुरा आणलास?" काकी ओरडली.

"बल्ब हाय. जरा बारीक झालाय."

काकीनं केरसुणी घेतली. आधी काचा लोटल्या, मग केरसुणी केरबाला दाखवली. "आरं, नाजूक वस्तू अशी आणत्यात का? कापसात गुंडाळावी, वर फडकं बांधावं आणि छातीशी धरून आणावी!"

"आता न्हाई चुकणार," केरबा म्हणाला, आणि त्यानं टॉवेलला गाठ मारली.

दुसरा बल्ब त्यानं कापसातून आणला, वर फडकं बांधून, छातीशी धरून. बल्ब सुखरूप देवघरात बसला. केरबाला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःच नानाच्या घरी सामान घेऊन आला. सेल त्यानं फाट्यावर चार्जिंगला लावले होते. पडवीत बसून त्यानं वायरी सोलल्या. आता वायरी जोडायला कथलाचा डाग मारायचा, तर गावातली लाइट गेलेली. मिस्त्री अडून बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं एक लोखंडी कांडी काकीच्या चुलीत खुपसली.

"केरबा, कांडी लाल झाली की घेऊन ये. जपून आण हां."

जपून म्हटल्यावर केरबाला गाठ आठवली. त्यानं लालभडक कांडी चिमट्यानं ओढली, कापसात गुंडाळली, वर फडकं बांधलं आणि छातीशी धरली.

पडवीत येईपर्यंत त्याच्या सदऱ्यातून धूर निघायला लागला होता.

"मिस्त्री, आणली," केरबा म्हणाला. "पर छाती लई गरम झालीया."

काकीनं अख्खी घागर त्याच्या अंगावर ओतली. कांडी चर्र करून विझली, केरबाही विझला. सदऱ्याला बशीएवढं भोक पडलं होतं.

"आरं मुडद्या," काकी कळवळून म्हणाली, "तापलेली वस्तू उराशी धरत्यात का? आदी पाण्यात बुडवावी. चर्र झालं की मग हातात घ्यावी!"

"काकी, मला ती तापलेलीच पायजे हुती," मिस्त्री म्हणाला.

"मग उठून आणायची हुती."

"आता न्हाई चुकणार," केरबा म्हणाला. दुसरी गाठ.

डाग मारून झाले. मिस्त्रीनं केरबाला फाट्यावर सेल आणायला पाठवलं. दहा जाडजूड सेल रात्रभर चार्ज होऊन बसले होते. केरबानं एकाला हात लावला. गरम! दुसऱ्याला लावला. तोही गरम. केरबा मनाशी हसला. आता काही तो फसणार नव्हता. त्यानं सगळे सेल पिशवीत भरले, पाटावर आणले आणि पाण्यात बुडवले.

चर्र काही होईना. केरबा पाटाच्या कडेला उकिडवा बसला आणि चर्र व्हायची वाट बघत राहिला. एक तास गेला. दुसरा गेला. शेवटी मिस्त्रीच त्याला शोधत आला.

"काय करतोयस?"

"सेल तापलेत. अजून चर्र न्हाई झालं."

मिस्त्रीनं पाटात उडीच घेतली. एकेक सेल बाहेर काढून तो सदऱ्याला पुसत होता आणि एकेक शब्द केरबाला ऐकवत होता. सेलांची तोंडं पक्की बंद होती, म्हणून ते वाचले. "आरं, ओल म्हंजी नासाडी! पाण्यात पडलेली वस्तू दिसली की लगीच भाईर काढायची, पुसायची आणि कडक उन्हात ठिवायची. समजलं?"

"समजलं. आता न्हाई चुकणार." तिसरी गाठ.

घरी आल्यावर मिस्त्रीनं सेल उन्हात ठेवले आणि केरबाला म्हणाला, "घरात जाऊन गप बस." केरबा स्वयंपाकघरात जाऊन गप बसला. तिथं पातेल्यात पाणी होतं आणि पाण्यात पांढरा गोळा पडलेला होता. जानुबाईच्या नैवेद्याच्या पुरणपोळीवर तूप लागतं. त्यासाठी आठ दिवस साठवलेलं लोणी काकीनं पाण्यात ठेवलं होतं.

केरबानं गोळा बाहेर काढला. टॉवेलनं नीट पुसला. आणि गोठ्याच्या पत्र्यावर कडक उन्हात ठेवला.

काकी परसातून आली तेव्हा लोणी पत्र्यावरून ओघळत होतं आणि खाली शेजारचं कुत्रं तोंड उघडून बसलं होतं. सगळं अगदी वेळेवर त्याच्या तोंडात पडत होतं. काकी आधी रडली आणि मग बोलली.

"आरं देवा, वितळणारी वस्तू उन्हात घालत्यात व्हय? सावलीत ठिवावी, वर टोपलं झाकावं!"

"टोपलं. बरं झालं सांगितलंस काकी." चौथी गाठ.

दुपारी बॅटरी जोडून झाली. पाइपात दहा सेल, पाइपातून वायर, वायरीच्या टोकाला तीच पिवळी बॅटरी आणि तिच्यात देवघरातून उठवलेला मोटारसायकलचा बल्ब. मिस्त्रीनं बटण दाबलं आणि भर दुपारी घरात दुसरी दुपार झाली. माळ्यावरची पाल पळाली. धान्याच्या कणगीमागे चार वर्षांपूर्वी हरवलेलं काकीचं जोडवं चमकलं. नाना खाटेवर उठून बसला आणि गुडघा विसरून म्हणाला, "वा रं मिस्त्री!"

"सेल किती येळ टिकत्यात बघू," मिस्त्री म्हणाला. "ऱ्हाऊ दे पेटती. मी च्या पिऊन येतो. केरबा, तू ध्यान ठेव."

केरबा ध्यान ठेवून बसला. मोठ्या बल्बाची धग मोठी. थोड्या वेळानं बॅटरीच्या पुढची प्लास्टिकची काच मऊ पडायला लागली. मग कड वाकली. वितळत होतं! केरबानं चटकन गाठ चाचपली. पेटती बॅटरी उचलून त्यानं सावलीत ठेवली आणि वर टोपलं झाकलं. मग टोपल्यातून उजेड बाहेर येत होता, म्हणून आणखी एक टोपलं झाकलं.

मिस्त्री आला तेव्हा टोपलं धुमसत होतं. आत बॅटरी नव्हतीच. पिवळ्या प्लास्टिकचा पापड होता आणि त्या पापडावर बल्ब दिमाखात पेटलेला होता.

मिस्त्री खाली बसला. मग शांतपणे, एकेक शब्द वेगळा करून म्हणाला, "केरबा, माझ्या बाबा. हितनं पुढं काय बिघडतंय असं वाटलं, तर आपल्या मनानं काय बी करू नको. जागच्या जागी थांब. आणि मला हाक मार."

"थांबायचं आणि हाक मारायची." पाचवी गाठ.

मिस्त्रीनं पुन्हा सगळं केलं. प्लास्टिक नकोच म्हणाला. काकीची स्टीलची वाटी घेतली, बुडाला भोक पाडलं, त्यातून बल्ब बसवला. वाटी चकचकीत, उजेड दुप्पट फेकायला लागली. पुढे काचही ठेवली नाही, म्हणजे वारा लागेल आणि धग निघून जाईल. मुठीसाठी काकीचं लाटणं घेतलं.

"आणि पुरणपोळ्या मी कशानं लाटू?" काकीनं विचारलं.

"पालखी टेकली की लाटणं परत," मिस्त्री म्हणाला. बॅटरी तासभर पेटवून ठेवली. काही वितळलं नाही, काही मंदावलं नाही. मिस्त्री समाधानानं फाट्यावर गेला.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला नानानं अंगणात केरबाची तालीम घेतली. पाठीला पाइप, हातात लाटणं, लाटण्याच्या टोकाला वाटी. केरबा ऐटीत निघाला. दहा पावलं चालला आणि थांबला.

"मिस्त्रीऽऽऽ!"

"काय झालं?" नाना दचकला.

"चप्पल वाजली. काय बिघडलं का म्हणून थांबलो."

पुन्हा निघाला. पुन्हा थांबला. "मिस्त्रीऽऽऽ! माझ्या फुडं एक काळा माणूस चाललाय!"

"ती खांबाची सावली हाय, गाढवा!"

असं पाच वेळा झालं. कुंपणापलीकडून श्रीपतीअण्णा बघत होते. घरी जाताना ते शीळ घालत गेले. ती शीळ नानानं ऐकली. त्यानं केरबाला जवळ बसवलं आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"बाळा, नीट ऐक. सात पिढ्या ह्यो मान आपल्या घरात हाय. माझ्या हातनं तो जाऊ नये, येवढंच मागतो. उद्या तोंडातनं शबुद काढायचा न्हाई. बॅटरी इझवायची न्हाई. मागं बघायचं न्हाई. आणि थांबायचं न्हाई. मिस्त्री बोलू दे, पंच बोलू दे, कुणासाठी थांबायचं न्हाई. मी पारावर हुबा असीन. मी माझ्या तोंडानं 'थांब' म्हणीन तवाच थांबायचं. त्याच्या आदी न्हाई."

नानाचे डोळे भरून आले होते. ते बघून केरबाचेही भरून आले. त्यानं सहावी गाठ मारली, आणि ती दुहेरी मारली.

मग पुन्हा तालीम झाली. केरबा अंगणभर फिरला, गोठ्याला वळसा घालून आला, कोंबडी आडवी गेली तरी थांबला नाही. नाना म्हणाला, "थांब!" केरबा जागच्या जागी थांबला. नाना खूश झाला. एवढं सगळं सांगताना आपण काय सांगून बसलो, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या आलं असेल, तर गप्प बसा. जानुबाई रुसेल.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगराआड गेला आणि पालखी उठली. केरबानं बटण दाबलं.

असा उजेड त्या डोंगरानं कधी पाहिला नव्हता. वाटेवरचा काटा न् काटा दिसत होता. पालखीचे भोई दरवर्षी ठेचकाळत उतरायचे, ते यंदा अंगणात चालावं तसे चालत होते. झाडावरचे कावळे सकाळ झाली समजून उठले. त्यांनी कावकाव केली, पण कावळ्यांना गावाची रीत लागू नव्हती. दोनशे माणसं मुक्यानं मागून येत होती. श्रीपतीअण्णा केरबाच्या अगदी पाठीशी होते, आता मिणमिणेल, मग मिणमिणेल अशा आशेनं. वडाचं वळण आलं. वडाचं वळण गेलं. बॅटरी मिणमिणली नाही.

पारावर नाना काठी टेकून उभा होता. डोंगरावरून येणारा तो उजेड त्यानं बघितला. माझ्या केरबानं आणला, माझ्या केरबानं, असं त्याला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. उजेड जवळ आला. अगदी पारासमोर आला. नानानं 'थांब' म्हणायला तोंड उघडलं.

आणि तसंच मिटलं.

पालखी अजून भोयांच्या खांद्यावर होती. ती टेकेपर्यंत बोलायचं नव्हतं. नाना बोलला, की मान गेला. आणि नाना बोलल्याशिवाय केरबा थांबत नव्हता.

नानाचं उघडून मिटलेलं तोंड बघून श्रीपतीअण्णांच्याही हे लक्षात आलं. ते नानाच्या तोंडाकडे अशा प्रेमानं बघत होते, की जणू आत्ता तिथून पेढा पडणार आहे.

नानानं हात वर केला. केरबानं बघितलं. नाना आशीर्वाद देतोय, असं समजून त्यानं अदबीनं मान झुकवली आणि तो पुढे गेला. नानानं दोन्ही हात हलवले. काठी हलवली. शेवटी एका पायावर नाचला. केरबा पाराच्या पलीकडे गेला. सोनाकाकी दारात ओवाळायला उभी होती. ती ताट घेऊन रस्त्यात आडवी आली. केरबानं तिला बाजूनं वळसा घातला, कोंबडीला घातला होता तसाच.

भोयांनी पालखीबरोबर चालणाऱ्या देवीच्या गुरवाकडे बघितलं. गुरवानं उजेडाकडे बघितलं. उजेड चालला होता. उजेड जाईल तिकडे पालखी. गुरवानं हनुवटीनं पुढची वाट दाखवली.

गाव आलं आणि गाव गेलं. सबंध वरात शेजारच्या निगडेवाडीच्या रस्त्याला लागली. नाना एका हातानं काठी टेकत आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबत लंगडत निघाला. काकी ताट घेऊन निघाली. नानाच्या कानाशी श्रीपतीअण्णा, कुठं एखादा शब्द निसटतो का ते ऐकत. नानाला शिंक आली. त्यानं ती अशी गिळली, की डोळ्यांतून पाणी आलं. श्रीपतीअण्णांची निराशा झाली.

फाट्यावर युसूफ मिस्त्री दुकानाबाहेर उभा होता. फाटा गावाच्या हद्दीबाहेर आणि मिस्त्री काही पालखीबरोबरचा नव्हे, त्यामुळे त्याला बोलायची मुभा होती.

"शाबास! काय उजेड हाय!" तो ओरडला. आणि मग त्याला दिसलं, की वाटीसकट सगळा गाव आपल्या दारावरून चाललाय. "आरं, कुठं निघालास? केरबा, थांब! थांब!"

केरबा मनात हसला. मिस्त्री म्हणजे काही नाना नव्हे. दुहेरी गाठ होती.

पुढे ओढा लागला. तिथं नानाचं काळीज खरंच थांबायची वेळ आली. कारण वाटी तापली होती, लाटण्याची मूठ ऊन लागत होती, आणि केरबाचा डावा हात टॉवेलच्या गाठींवरून फिरत होता. तापलं की पाण्यात बुडवावं, ही दुसरी गाठ. केरबानं ओढ्याकडे बघितलं. बॅटरी किंचित खाली झुकली. दोनशे माणसांनी श्वास रोखले. मग केरबाचं बोट तिसऱ्या गाठीवर गेलं. ओल म्हणजे नासाडी. बॅटरी वर आली. पण दुसरी गाठ आधीची होती. बॅटरी पुन्हा खाली झुकली. वाटी पाण्यापासून वीतभर राहिली. तेवढ्यात सहावी, दुहेरी गाठ हाताला लागली. बुडवायला वाकायचं, तर थांबावं लागणार! केरबा सरळ झाला आणि ओढा ओलांडून पुढे गेला. नानानं आयुष्यात पहिल्यांदा केरबाच्या टॉवेलला मनातल्या मनात नमस्कार केला.

निगडेवाडीच्या पारावर चार माणसं गप्पा मारत बसली होती. लांबून उजेड येताना दिसला.

"एसटी आली," एकजण म्हणाला.

"आज येळंवर?"

"म्हनून तर इचित्र वाटतंय."

एकानं पिशवी उचलली आणि हात दाखवायला रस्त्यात जाऊन उभा राहिला. एसटी आली. तिला एकच दिवा होता, ती लाटण्यावर चालत होती आणि तिच्यामागे दोनशे माणसं तोंडातून ब्र न काढता येत होती. पिशवीवाला पाराच्या मागे जाऊन लपला.

निगडेवाडीला रस्ता संपतो. एसटी तिथं पाराला वळसा घालून आल्या वाटेनं परत जाते. केरबानंही तेच करायला घेतलं. थांबायचं तर नव्हतंच. तो पाराला वळसा घालून मागे फिरायला लागला.

आता मात्र गुरवाला घाम फुटला. उजेडामागे गेलं, तर पालखी मागे वळणार. पालखी मागे वळली, तर जानुबाई नवऱ्याकडे परत जाणार. गुरवानं उजेडाकडे बघितलं, पाराकडे बघितलं. पार तो पारच. कुणाच्या गावचा, ते रीतीत कुठं सांगितलेलं नव्हतं. उजेडही अजून पाराच्या भोवतीच होता. त्यानं भोयांना डोळ्यांनी खुणावलं आणि भोयांनी पालखी निगडेवाडीच्या पारावर टेकवली.

त्याच क्षणाला नानानं तोंडावरचा हात काढला.

"थांऽऽऽऽब!"

बोरघोळपासून साठवलेला तो शब्द होता. निगडेवाडीची कुत्री घरात पळाली. केरबा उचललेला पाय तसाच वर धरून थांबला.

मग दोनशे तोंडं एकदम उघडली. कोण हसत होतं, कोण रडत होतं, कोण पाय चोळत होतं. निगडेवाडीच्या बायका कळशा घेऊन धावत आल्या. त्यांच्या गावात कधी देवी माहेरी आली नव्हती. एका म्हातारीनं पालखीपुढे लोटांगण घातलं आणि म्हणाली, "बाई गं, आमची आठवण कशी झाली तुला?" पाच दिवसांचं माहेरपण आता तिथंच होणार होतं. बोरघोळच्या सगळ्या पुरणपोळ्या टेंपोत घालून निगडेवाडीला आणाव्या लागणार होत्या, आणि त्यातल्या काकीच्या अजून लाटायच्याच होत्या, कारण लाटणं केरबाच्या हातात होतं.

पंचांनी तिथंच पारावर बसून निवाडा केला. उजेड विझला का? नाही. घरातलं कुणी बोललं का? नाही. पालखी मागे वळली का? नाही. मग मान दौलूच्या घरचाच. श्रीपतीअण्णा फुगलेल्या पायांकडे बघत एवढंच म्हणाले, "काजवा बरा हुता."

नानाला हसावं का रडावं कळेना, म्हणून तो दोन्ही करत होता. तो लंगडत लंगडत केरबापाशी गेला.

"पाय खाली ठिव बाळा."

केरबानं पाय खाली ठेवला.

"आता खरं सांग. आरं, आपलं गाव आलं, गेलं, मागं पडलं. तुला दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं की नाना," केरबा म्हणाला. "पार दिसला. पारावर तुमी नाचत हुता ते दिसलं. काकीच्या ताटातली सुपारीसुदिक दिसली." त्यानं वाटी अभिमानानं वर केली. "येवढा मोठा बल्ब लावलाय. गाव दिसल्याबिगर कसं ऱ्हाईल?"